शून्याच्या जागी कुलूप

मी मामाच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा फ्रिज ओरडत होता. दार नीट लागलं नव्हतं, आणि अशा वेळी तो जो बारीक, डोक्यात जाणारा टीं-टीं लावतो, तो लावून बसला होता. मामा त्याच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होता. मी पिशवी टाकली, कमरेने धक्का देऊन दार लावलं आणि म्हणाले, "अरे, कान आहेत की नुसती भोकं?"

तो हसला आणि चहा टाकायला उठला. मला वाटलं, म्हातारा झालाय, लक्ष नसतं. सहा तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला याहून जास्त काही सुचत नाही. पण हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण नंतर मनातल्या मनात मी त्या फ्रिजपाशी कितीतरी वेळा परत गेले आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय एकाहत्तर, लग्न राहून गेलेलं, चपला शिवण्याच्या दुकानावर दोन खोल्या. नोकरी पाणीखात्यात केली. घरोघर जायचं, गुडघ्यावर बसायचं, झाकण उचलायचं आणि पाण्याच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा. पस्तीस वर्षं. त्या भागात लहानथोर सगळे त्याला मीटरमामा म्हणत. सख्खी भाची मी एकटी, पण मामा तो सगळ्या गल्लीचा होता.

मीटर वाचणाऱ्यांची एक जुनी खोड असते. दार बंद असलं की मागच्या वेळचा आकडा बघायचा, त्यात थोडी भर घालायची आणि अंदाजे ठोकून द्यायचं. मामाने हे एकदाही केलं नाही. घर बंद असेल तर तो शेऱ्याच्या रकान्यात 'कुलूप' लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा, तिसऱ्या दिवशीही जायचा. नवीन पोरं त्याची थट्टा करत, म्हणत, काय फरक पडतो? तो म्हणायचा, "शून्य म्हणजे मी पाहिलं आणि तिथे शून्य होतं. कुलूप म्हणजे मी पाहिलंच नाही. जमीन-अस्मानाचा फरक आहे." आई म्हणायची, याला मुलगी दाखवली तर हा तीनदा खात्री करून घ्यायला जाईल आणि तोवर तिचं लग्न होऊन गेलेलं असेल. झालंही साधारण तसंच.

घराच्या खिडकीतून पाण्याची मोठी टाकी दिसते. टाकीमागे रान आहे. फार मोठं नाही, चालत गेलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अर्धा तास. पण झाडं जुनी, उंच, वर पानांचं छत आणि खाली नुसता पाचोळा. दर वर्षी पालवी फुटली की तिथे हजारो मैल उडून एक पाखरू येतं. पुस्तकात त्याला पर्णवटवट्या म्हणतात. वजन दोन चमचे साखरेएवढं. वरून पानाच्या रंगाचं, पोटाखाली पांढुरकं. रात्री उडत येतं, समुद्र ओलांडतं, वाळवंट ओलांडतं आणि नेमकं या टाकीमागच्या रानात येऊन जमिनीवर, पाचोळ्यात, मुठीएवढं घुमटीसारखं घरटं करतं. अंडी, पिल्लं, अळ्यांची मेजवानी, आणि उन्हाळा सरताना पुन्हा चालू लागतं.

मामा त्यांना माहेरवाशिणी म्हणायचा. बाळंतपणाला माहेरी येतात म्हणून. मी लहानपणी विचारलं होतं, "मग गातं ते कोण?" तर म्हणाला, "तो जावई. तो आठ दिवस आधी येतो, जागा बघतो, 'ही माझी, ही माझी' म्हणून गळा काढतो. लेक मागून येते." एवढीशी गोष्ट सांगताना त्याचा चेहरा इतका फुलायचा की आई पदराने डोळे टिपायची. स्वतःची लेक नसलेल्या माणसाने अठरा लेकी माहेरपणाला आणल्या होत्या.

अठरा हा आकडा खरा आहे, पहिल्या वर्षीच्या मोजणीतला. वनखात्याला मोजणारा माणूस हवा होता आणि मामाने नाव दिलं, तेव्हा तो चाळिशीचा होता. मोजायची रीत ठरलेली. पहाटे उजाडल्यावर निघायचं, ठरलेल्या वाटेने चालायचं, ठरलेल्या वीस जागी पाच-पाच मिनिटं थांबायचं आणि किती नर गातात ते लिहायचं. हे पाखरू डोळ्यांनी मोजता येत नाही. पानांत पान होऊन बसतं. आधी ऐकायचं, मग हवं तर शोधायचं. लिहायला मामाने खात्याच्या उरलेल्या जुन्या वह्याच घेतल्या. त्यात रकाने छापलेले: मागचं वाचन, आताचं वाचन, फरक, शेरा. एकतीस वर्षं त्याने जावई त्याच रकान्यांत भरले.

आणि नुसतं मोजलं नाही. जमिनीवरचं घरटं म्हणजे कुत्र्याच्या एका उडीचं काम. हा वाटेच्या कडेला दोर बांधायचा, कुत्री मोकळी सोडणाऱ्यांशी भांडायचा, पाचोळा भरून न्यायला आलेल्या माळ्याला त्याने एकदा हात जोडून आणि एकदा काठी दाखवून परत पाठवलं होतं. एरवी नाकासमोर चालणारा माणूस, पण त्या चार महिन्यांत त्याच्या वाटेला कोणी जात नसे. त्याच्या आकड्यांमुळेच तर रानाला हात लावायचा नाही असा नियम झाला होता.

मग आकडे उतरायला लागले. बारा. सात. तीन. एक. आणि नंतर शून्य, पाच वर्षं ओळीने शून्य.

त्या पाच वर्षांत मामा बोलायचा कमी झाला. माझी आईही त्याच काळात गेली. मी महिन्यातून एकदा फोन करायचे, आणि खरं सांगते, कर्तव्य म्हणून करायचे. "आले का पाहुणे?" असं विचारायचे. तो म्हणायचा, "नाही गं. वाटेतच काहीतरी होत असेल." एकदा म्हणाला, "तिकडे रानं तोडलीत म्हणे. बिचारी बसायची कुठे?" मी हूं हूं करत भाजी चिरत होते. नंतर कळलं की त्या पाचही वर्षं तो रोज पहाटे जात होता. नियमाप्रमाणे मोसमात तीन फेऱ्या पुरतात. तो रोज जायचा, वीसही जागी थांबायचा, कानात प्राण आणून उभा राहायचा आणि घरी येऊन शून्य लिहायचा. मेलेल्यांच्या दारात रोज जाऊन कडी वाजवावी, तसं.

यंदा त्याने बोलावलं. फोनवर एवढंच म्हणाला, "एकदा येऊन जा. रान जाणार आहे."

चहा पिताना त्याने नोटीस दाखवली. टाकीमागच्या जागेवर बसगाड्यांचा डेपो होणार. पाच वर्षं सलग पाखरू आढळलं नाही तर संरक्षण उठवता येतं, असं नियमातच आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी. खाली कारण छापलं होतं: 'एकतीस वर्षांच्या अत्यंत विश्वासार्ह नोंदींनुसार.'

"तुझ्याच वह्या," मी म्हणाले.

"माझ्याच," मामा म्हणाला. "खोटं काय आहे त्यात?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला उठवलं. शेवटची फेरी म्हणाला, सोबत चल. मी कुरकुरत निघाले. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर दात कोरायच्या यंत्राची किरकिर ऐकते, सुट्टीत माणसाला झोप हवी असते. हे सगळं मी त्याला टाकी येईपर्यंत ऐकवलं. तो पुढे चालत राहिला. वाट इतकी पायाखालची की खाली बघायचीही गरज नव्हती त्याला.

पहिल्या तीन जागी काही नव्हतं. कावळे होते, कबुतरं होती, लांब कुठेतरी एक सुतारपक्षी झाडाला ठोकत होता. चौथ्या जागी मामा थांबला, घड्याळ पाहिलं, मान थोडी तिरकी केली. आणि मला ऐकू आलं.

स्टीलच्या ताटलीत नाणं गरगर फिरवून सोडलं की आधी टिक, टिक, टिक होतं, मग टिकटिक जवळ जवळ येते आणि शेवटी नुसती एक सिर्रर्र उरते. तसंच. लहानपणी मामानेच मला हे गाणं ताटली आणि नाणं घेऊन शिकवलं होतं. डोक्यावरच होतं ते. पुन्हा झालं. डावीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं.

मी मामाकडे पाहिलं. तो तसाच मान तिरकी करून उभा होता. पाच मिनिटं झाल्यावर त्याने वही उघडली आणि शून्य लिहिलं.

"मामा, अरे, गातोय ना!"

"कोण?"

"जावई! दोन आहेत. हा काय इथे, आणि एक तिकडे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाईट थट्टा केली होती. "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस," तो म्हणाला. "आयुष्यभर लोकांनी मला तेच सांगितलं, लिहून टाक हो मामा, अंदाजे."

मला राग आला. मी त्याच्या गळ्यातली दुर्बीण ओढली, त्याच्या मानेसकट, आणि आवाजाच्या दिशेने फांदी न् फांदी पाहत गेले. सापडायला खूप वेळ लागला. शेवटी एक पान हललं, ते पान नव्हतं. मी दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लावली आणि त्याची मान धरून वळवली.

"दिसला?"

"दिसला," मामा म्हणाला. "चोच उघडतोय. गळा थरथरतोय त्याचा." मी ऐकत होते, सिर्रर्र, सिर्रर्र, आणि तो बघत होता. शेवटी त्याने दुर्बीण खाली केली आणि मला विचारलं, "आत्ता? आत्ता गातोय?"

"हो रे."

"आणि आत्ता?"

"आत्ताही."

तो तडक घराकडे निघाला. आल्या आल्या त्याने ताटली काढली, नाणं काढलं, टेबलावर फिरवलं. सुरुवातीची टिकटिक त्याला ऐकू आली. नाणं आडवं होत गेलं, टिकटिक जवळ आली, आणि मग, त्याने मला सांगितलं, नाणं डोळ्यांसमोर थरथरत असतानाच आवाज बंद झाला. त्याने दहा वेळा फिरवलं. मी खिडकीशी उभी राहून बघत होते. मला फ्रिज आठवत होता.

"पाच वर्षं," मामा म्हणाला. "पाच वर्षं ती येत होती गं. डोक्यावर बसून हाका मारत होती. आणि मी त्यांचं सुतक पाळत होतो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला, एखाद्या लहान मुलासारखा, हुंदके देऊन. मला त्याला रडताना पाहायची सवय नव्हती, म्हणून मी मूर्खासारखी नाण्याकडे बघत बसले.

मग माझं दवाखान्यातलं डोकं चालू लागलं. मी म्हणाले, यात रडायचं काय, ही तर चांगली गोष्ट आहे! "वीस जागी मी ऐकते, तू लिही. हरकत घे, यंदा आठ आहेत, दहा आहेत, असतील तेवढे. कोणाला कळणार आहे कोणी ऐकलं ते?"

"मला," मामा म्हणाला.

"रान जाईल अशाने!"

"मी न ऐकलेला आकडा माझ्या वहीत जाणार नाही."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईच्या तोंडूनही त्याने एवढं ऐकलं नसेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, ते मात्र त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कानाच्या दवाखान्यात गेला. काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मी पाहत होते. आधी तो भराभर बटण दाबत होता. मग त्याचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला राहिला. तपासणाऱ्या मुलीने आलेख दाखवला, रेघ सरळ चालत येते आणि एका जागी विहिरीत पडावी तशी खाली जाते. "बोलणं ऐकू येतं ना, म्हणून कळत नाही," ती म्हणाली. "बारीक आवाज आधी जातात. दहा-बारा वर्षांपासून हळूहळू गेले असतील."

"यंत्र लावलं तर?"

"बोलणं अजून स्पष्ट होईल, आजोबा. एवढा बारीक आवाज नाही येणार."

वनखात्याच्या कचेरीत ज्या बाईंकडे रानाची फाइल होती त्या मामाला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्याने एकतीस वह्या टेबलावर ठेवल्या, वर आलेख ठेवला, त्यावर हाताने लिहिलेला अर्ज. त्यात तीनच ओळी होत्या. शेवटची होती: 'गेल्या पाच वर्षांत जिथे शून्य लिहिले आहे तिथे कृपया कुलूप वाचावे.'

बाईंनी दोनदा वाचलं. "कुलूप म्हणजे?"

मामाने समजावून सांगितलं. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. कुलूप म्हणजे पाहताच आलं नाही. घर बंद होतं. "फक्त बंद घर पाखरांचं नव्हतं," तो म्हणाला, आणि आपल्या कानाकडे बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा काढला. "काका, हे तुम्ही हात दाखवून अवलक्षण करताय. ही पाच वर्षं बाद झाली तर सलग शून्याची अट मोडते, हे खरं. पण मग त्याआधीचं काय? बारा, सात, तीन? कधीपासून कमी ऐकू यायला लागलं, तुम्हाला तरी सांगता येईल?"

"नाही."

"मग कुठली नोंद धरायची आणि कुठली सोडायची? एकतीसच्या एकतीस वर्षांवर शंका घेतील लोक."

मी मामाच्या हाताकडे पाहिलं. तो वह्यांच्या कडा सारख्या करत होता. या माणसाकडे दुसरं काही नव्हतं हो. घर भाड्याचं, बायको नाही, मूल नाही, बहीण गेलेली. होता तो एवढा आकड्यांवरचा भरवसा.

"घ्या शंका," मामा म्हणाला. "तसं लिहा. आणि मोजायला चांगल्या कानाचा माणूस पाठवा. लवकर पाठवा, पिल्लं उडायच्या आत."

परत जाताना त्याने वह्या घेतल्या नाहीत. जिन्यावर मी आठवण केली, तर म्हणाला, "राहू दे, त्यांच्या कामाच्या आहेत." मग दोन पायऱ्या उतरून थांबला आणि म्हणाला, "चौथ्या जागेचं मात्र त्यांना सांगायला हवं होतं. तिथे घरटं वाटेला अगदी लागून असतं."

मी घरी परतले. डेपोचं काम थांबलं. खात्याने एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना नेमलं, आधी त्यांचे कान तपासून. आता तो नियमच झाला आहे, दर दोन वर्षांनी मोजणाऱ्याने कान तपासून घ्यायचे. त्यांनी तीन फेऱ्या केल्या. बाई भल्या होत्या, त्यांनी आकडा आधी मामाला कळवायला फोन केला, पण त्याने उचलला नाही. नव्या फोनची घंटाही बारीकच आहे त्याची. म्हणून त्यांनी मला केला, आणि मी खालच्या चपलावाल्याला सांगून मामाला फोनवर आणलं. रविवार होता.

"नऊ!" मी ओरडले. "नऊ जावई, मामा! रान राहिलं!"

मामा म्हणाला, "नऊ. म्हणजे निम्मे खरंच गेले गं." आणि लगेच, माझा उत्साह मोडू नये म्हणून, "पण नऊ आहेत. नऊ म्हणजे काही थोडेथोडके नाहीत."

"तू जातोस का रे अजून?"

"जातो की. वही नसते आता, हात मोकळे असतात. चौथ्या जागी बसतो. समोरच पिल्लांना भरवतात." मग त्याने विचारलं, "तू ऐकलंस ना त्या दिवशी, ते कसं होतं? अजून तसंच गातात ना?"

"अगदी तसंच."

"करून दाखव ना जरा. ताटलीत."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला. ताटली घेतली, पर्समधून नाणं काढलं, आणि घाईत ते बोटांतून निसटून घरंगळत कपाटाखाली गेलं. मी गुडघ्यावर बसले, कपाटाखाली हात घातला. धुळीशिवाय काही लागेना. "थांब हं," म्हणाले असेन मी, पण तोंड जमिनीकडे होतं, त्याच्यापर्यंत पोचलं नसणार.

टेबलावरून त्याचा आवाज आला. "वा! आलं, आलं ऐकू. अगदी तसंच गं."

मी तशीच बसून राहिले.

"मामा," मी मोठ्याने विचारलं, "नीट आलं ऐकू?"

"स्पष्ट," मामा म्हणाला.

नाणं अजून माझ्या हाताला लागलं नव्हतं.